मुलांच्या हाती दिलेला सण

६ डिसेंबरला संत निकोलसचा सण येतो आणि २८ डिसेंबरला हेरोद राजाने बेथलेहेमात मारलेल्या निष्पाप बालकांचा. मध्ययुगीन युरोपात या दोन सणांमधले तीन आठवडे मुलांचे मानले जात. थंडी कडाक्याची, दिवस आखूड, शेतीची कामे थांबलेली. अशा वेळी कॅथेड्रलांतून, मठांच्या शाळांतून आणि काही साध्या धर्मग्रामांतूनही गायकवृंदातील मुले आपल्यातल्याच एकाला ‘बिशप’ म्हणून निवडीत. त्याला बिशपचा पायघोळ झगा मिळे, डोक्यावर त्याच्या मापाचा मुकुट चढे, हाती धर्मदंड येई. बालहुतात्म्यांच्या सणाच्या आदल्या सायंकाळपासून दुसऱ्या दिवसाच्या सायंकाळपर्यंत मंदिरातील प्रार्थनांचे पुढारपण त्याच्याकडे असे. वेदीवरचा मिस्साबली हा अभिषिक्त धर्मगुरूचाच अधिकार. परंतु स्तोत्रांची सुरुवात, मिरवणूक, लोकांना आशीर्वाद आणि पुष्कळ ठिकाणी प्रवचनदेखील त्या चिमुकल्या बिशपचे काम होते.

मुलांच्या नाताळ-मेळाव्याचे मूळ शोधू लागले की सांताक्लॉजपाशी येऊन थांबण्याची आपल्याला सवय झाली आहे. आणखी थोडे मागे गेले तर हा मुलगा भेटतो. त्याची हकीगत मला मोलाची वाटते ती एका प्रश्नासाठी. मुलांच्या सणात मुलांनी करायचे काय? रांगेत उभे राहून घ्यायचे, की स्वतः काही करायचे आणि काही द्यायचेही?

संत निकोलस हे चौथ्या शतकातील मायरा नगरीचे बिशप. हे ठिकाण आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर येते. त्यांच्या चरित्राविषयी इतिहासाला फार थोडे ठाऊक आहे. लोककथांना मात्र पुष्कळ. हुंड्याअभावी विकल्या जाऊ पाहणाऱ्या तीन बहिणींच्या घरात त्यांनी रात्रीच्या अंधारात सोन्याच्या थैल्या टाकल्या ही एक कथा. दुष्ट खानावळवाल्याने मारून खारवणाच्या पिंपात टाकलेल्या तीन मुलांना त्यांनी जिवंत केले ही दुसरी. १०८७ मध्ये त्यांच्या अस्थी इटलीतील बारी शहरी आणण्यात आल्या आणि त्यानंतर पश्चिम युरोपात त्यांची भक्ती झपाट्याने पसरली. विद्यार्थ्यांचे ते पालक झाले. बालबिशपची निवड अनेक ठिकाणी त्यांच्या सणाला होई ती याच कारणाने.

दुसरा सण मात्र रक्ताने माखलेला आहे. ज्या दिवशी ख्रिस्तसभा सत्तेने चिरडलेल्या लेकरांचे स्मरण करते, तोच दिवस मुलांच्या आनंदाचा व्हावा, ही गोष्ट पहिल्या नजरेत विचित्र वाटते. सतराव्या शतकातील एका इंग्रज लेखकाने नोंदवलेला रिवाज तर याच्या अगदी उलट टोकाचा आहे: त्या दिवशी सकाळी मुलांना चोप द्यायचा, म्हणजे हेरोदाच्या क्रौर्याची आठवण त्यांच्या मनात पक्की राहील. एकाच सणाचे हे दोन अर्थ. एका घरी त्या सकाळी मूल मार खात होते, आणि दुसरीकडे त्याच तिथीला मूल बिशपच्या आसनावर बसत होते.

हे आसन त्याला कधी मिळे, हे पाहण्यासारखे आहे. सायंप्रार्थनेत मरियेचे स्तुतिगीत गायिले जाते. त्यात बलवंतांना सिंहासनावरून उतरवून दीनांना उंच करणाऱ्या परमेश्वराचा गौरव आहे. नेमक्या त्या चरणाला मोठे लोक आपल्या मानाच्या जागा सोडीत आणि मुले तिथे जाऊन बसत. वयोवृद्ध, विद्वान कॅनन मंडळी खालच्या बाकांवर, एरवी मुलांनी करायची कामे, म्हणजे धूपपात्र धरणे, मेणबत्त्या नेणे, करीत. रोजच्या रोज म्हटले जाणारे एक गीत वर्षातून एकदा जसेच्या तसे घडवून दाखवायचे, आणि तेही मुलांच्या हातून! नाट्य म्हणूनही याहून सोपे आणि नेमके काही सुचणे कठीण.

हे सारे आपोआप, उत्स्फूर्तपणे होत असेल असे कुणाला वाटेल. तसे ते मुळीच नव्हते. बालबिशपच्या सणाविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातले बरेचसे नियमावल्यांतून, सामानाच्या याद्यांतून आणि जमाखर्चाच्या कागदांतून आलेले आहे. लंडनच्या संत पौल कॅथेड्रलच्या तेराव्या शतकातील सामानाच्या यादीत मुलांच्या बिशपसाठी वेगळा मुकुट नोंदवलेला सापडतो. यॉर्कच्या कॅननमंडळाने १३६७ मध्ये निवडीचा निकष ठरवला: ज्याने मंदिराची सेवा सर्वांत अधिक काळ आणि चांगली केली असेल तो, मात्र तो दिसायलाही नीटनेटका असावा. पुढे १३९० मध्ये त्यात आवाज चांगला असण्याची अट जोडण्यात आली. आधीच्या दोनतीन वर्षांत काय प्रसंग ओढवला असेल आणि कुणी कान झाकून घेतले असतील, याची कल्पना वाचकांनी करावी.

सॉल्झबरी येथे १३१९ साली बिशप रॉजर मॉर्टिवल यांनी केलेले नियम अधिक कडक आहेत. बालबिशपने मेजवानी देऊ नये, बाहेर भेटीगाठींचे दौरे काढू नयेत, आणि सण सरला की इतर मुलांबरोबर मुकाट्याने शाळेत जावे, असे त्यांत म्हटले आहे. मिरवणूक पाहायला जमणाऱ्या गर्दीच्या रेटारेटीने लोकांना इजा होई, म्हणून मुलांच्या अंगावर लोटणाऱ्यांना बहिष्काराची शिक्षाही त्यांनी सांगितली. नियम करावा लागतो तो गोष्ट घडत असते म्हणूनच. मेजवान्या होत होत्या, दौरे निघत होते, आणि शाळेत परत जाणे त्या मुलाला जड जात होते. मुकुट उतरवून पुन्हा पाटी हातात घेणे कोणत्या मुलाला आवडेल?

यॉर्कमध्ये या दौऱ्यांना बंदी नव्हती. तेथील १३९६ सालचा जॉन दे केव्ह नावाच्या बालबिशपचा हिशेब आजही उपलब्ध आहे. सणाच्या आदल्या रात्रीच्या भोजनासाठी घेतलेला पाव, मांस, पक्षी, मध, मोहरी आणि मेणबत्त्या यांचा त्यात खर्च आहे. त्यानंतर आपला कारभारी आणि गायक सोबती यांना घेऊन हा मुलगा भाड्याच्या घोड्यांवरून बाहेर पडला. परिसरातील मठांना आणि सरदारांच्या वाड्यांना त्याने भेटी दिल्या. गाणी गायिली आणि देणग्या स्वीकारल्या. नॉर्थम्बरलंडच्या काउंटेसने त्याला वीस शिलिंग आणि सोन्याची अंगठी दिल्याची नोंद आहे. ज्यांनी कोणत्याही धर्मग्रामाच्या वार्षिकोत्सवाचा हिशेब ठेवला आहे, त्यांना हा सहाशे वर्षांपूर्वीचा कागद परका वाटणार नाही.

राजेलोकही या खेळात सामील होत. १२९९ च्या डिसेंबरात पहिला एडवर्ड स्कॉटलंडच्या वाटेवर असता न्यूकॅसलजवळ हेटन येथे मुक्कामाला होता. ७ डिसेंबरला एका बालबिशपने त्याच्या खाजगी प्रार्थनामंदिरात सायंप्रार्थना गायिली आणि राजाने त्या मुलाला व त्याच्या सोबत्यांना चाळीस शिलिंग दिले. हाच राजा स्कॉट लोकांचा कर्दनकाळ म्हणून इतिहासात प्रसिद्ध आहे. बलवंतांना सिंहासनावरून उतरवणारे ते गीत ऐकताना त्याच्या मनात काय आले असेल, हे कोणत्याही कागदात लिहिलेले नाही.

प्रवचनाचा विषय मला जवळचा, म्हणून त्यावर थोडे थांबतो. जॉन कोलेट हे संत पौल कॅथेड्रलचे डीन आणि इरॅस्मस या थोर विद्वानाचे मित्र. त्यांनी स्थापन केलेल्या शाळेच्या १५१८ च्या नियमांत असे आहे की, बालहुतात्म्यांच्या सणाला सर्व विद्यार्थ्यांनी कॅथेड्रलमध्ये जाऊन बालबिशपचे प्रवचन ऐकावे, मग मोठ्या मिस्साला हजर राहावे आणि प्रत्येकाने एकेक पेनी त्या बालबिशपला अर्पण करावी. नव्या विद्येचा पुरस्कर्ता असलेला, भाबड्या चालीरीतींवर कठोर टीका करणारा हा सुधारक मुलाचे प्रवचन मात्र रद्द करीत नाही. उलट ते ऐकणे सक्तीचे करतो.

इंग्लंडमधील अशी दोन प्रवचने आज वाचायला मिळतात. एक संत पौल येथील, पंधराव्या शतकाच्या अखेरचे. दुसरे ग्लॉस्टरचे, २८ डिसेंबर १५५८ रोजी जॉन स्टब्ज नावाच्या गायक मुलाने सांगितलेले. ते लिहिले होते रिचर्ड रॅम्झी या मोठ्या माणसाने, हे खरे. मुलाने पाठ करून म्हणायचे, एवढेच. तरीही त्यातली एक गंमत सुटत नाही. त्यात गायक मुलांच्या मंदिरातील अवखळ वागण्याचा समाचार घेतला आहे, आणि आईबाप व शिक्षक मुलांकडे कसे दुर्लक्ष करतात यावरही बोल लावले आहेत. तो ऐकवतो आहे कोण? त्याच गायकवृंदातला एक मुलगा, त्याच आईबापांसमोर. प्रवचनमंचावरून असे बोलताना त्याच्या सवंगड्यांनी किती वेळा एकमेकांना कोपरखळ्या मारल्या असतील!

ग्लॉस्टरच्या या तारखेला आणखी एक अर्थ आहे. आठव्या हेन्रीने २२ जुलै १५४१ च्या जाहीरनाम्याने ही चाल इंग्लंडभर बंद केली होती. मुलांना धर्मगुरूंची, बिशपांची आणि स्त्रियांची वस्त्रे नेसवून नाचत-गात घरोघर फिरवतात, ती लोकांना आशीर्वाद देतात, पैसे गोळा करतात, प्रवचनमंचावर चढतात, असा त्यात आक्षेप होता. मेरी राणीच्या कारकिर्दीत चाल पुन्हा सुरू झाली. १७ नोव्हेंबर १५५८ ला मेरी वारली आणि एलिझाबेथ गादीवर आली. म्हणजे जॉन स्टब्ज बोलायला उभा राहिला तेव्हा त्याला ते आसन देणारी राजवट संपून जवळजवळ सहा आठवडे झाले होते. त्यानंतर लवकरच बालबिशप इंग्लंडमधून नाहीसा झाला.

दोष केवळ राजांना देऊन चालणार नाही. ख्रिस्तसभेतही या चालीविषयी तक्रार होतीच. वर्षअखेरच्या दिवसांत कनिष्ठ धर्मसेवकांचा ‘मूर्खांचा सण’ म्हणून एक धिंगाणा चाले. त्यात आणि मुलांच्या सणात पुष्कळदा भेद उरत नसे. बाझलच्या धर्मपरिषदेने १४३५ मध्ये मंदिरातील अशा सोंगाढोंगांचा निषेध केला. तक्रारीत तथ्य होते. मात्र सॉल्झबरीच्या बिशपने तक्रारीवर उपाय म्हणून नियम केले. हेन्रीने सणच मोडला. शिस्त लावणे कष्टाचे असते, बंदी सोपी असते.

धर्मसुधारणेनंतर उत्तर युरोपात मुलांचा सण मंदिराच्या वेदीपासून घराच्या चुलीकडे सरकला. लूथरपंथीयांनी संत निकोलसच्या जागी भेटी आणणारा ‘बाळ ख्रिस्त’ पुढे केला. काळाचा विनोद असा की आज जर्मनीत हा बाळ ख्रिस्त मुख्यतः कॅथलिक दक्षिणेकडे भेटी आणतो आणि प्रॉटेस्टंट उत्तरेत ते काम लांब दाढीचा ‘नाताळबुवा’ करतो! हॉलंडमध्ये संत निकोलस तगून राहिले. सतराव्या शतकात काही डच शहरांच्या कारभाऱ्यांनी त्यांच्या आकृतीची बिस्किटे आणि बाहुल्या विकण्यावर बंदी घातली, पण घरातल्या शेकोटीपाशी ठेवलेल्या लहानग्या जोड्यांवर कोण बंदी घालणार?

यान स्टेन या कॅथलिक डच चित्रकाराचे १६६५ ते १६६८ च्या सुमाराचे एक चित्र ॲम्स्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयात आहे. संत निकोलसच्या सणाची सकाळ. पुढे एक छोटी मुलगी हातातली बाहुली छातीशी घट्ट धरून उभी आहे. तिची बादली खाऊने भरली आहे. तिचा मोठा भाऊ रडतो आहे, कारण त्याच्या जोड्यात खाऊ नसून छडी निघाली आहे. एक भावंड त्याच्याकडे बोट दाखवून हसते आहे. मागे, पडद्याआडून आजी त्याला हाताने खुणावते आहे. तिथे त्याच्यासाठी काहीतरी दडवलेले असावे. मला हे चित्र एखाद्या ग्रंथाइतके बोलके वाटते. मूल आता सणाचा कर्ता राहिलेले नाही. ते परीक्षार्थी झाले आहे. वर्षभराच्या वागण्याचा निकाल जोड्यात सापडतो, आणि नापास झालेल्याला चार लोकांत रडावे लागते. ती आजी नसती तर त्या घरात सण कसला होता?

पुढची वाट आपल्या परिचयाची आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटनांनी १६५९ ते १६८१ या काळात नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला होता. त्याच देशाने १८२३ मध्ये ट्रॉय गावच्या वृत्तपत्रात छापलेल्या एका कवितेतून संत निकोलसना हरणांच्या गाडीत बसवून जगभर धाडले. इंग्लंडमध्ये १८४३ च्या डिसेंबरात डिकन्सची ‘ए ख्रिसमस कॅरल’ ही कथा प्रसिद्ध झाली आणि नाताळची पहिली छापील शुभेच्छापत्रेही त्याच वर्षी निघाली. १८४७ च्या सुमारास टॉम स्मिथ या लंडनच्या मिठाईवाल्याने कागदी फटाकडी आणली. १८४८ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाचे सजवलेल्या झाडाभोवतीचे चित्र छापून आले आणि घरोघर झाडे उभी राहिली. डिकन्सच्या थोरल्या मुलाचा वाढदिवस ६ जानेवारीचा. त्या दिवशी तो स्वतः जादूगार बनून मुलांच्या जमावापुढे प्रयोग करी. मध्यमवर्गीय घरातली मुलांची ‘पार्टी’ जन्माला आली ती ही: केक, खेळ, जादूचे प्रयोग, भेटी. आनंदाला तिथे तोटा नव्हता. परंतु प्रयोग करणारे मोठे होते आणि टाळ्या वाजवणारी मुले.

१८४३ या वर्षी आणखी एक गोष्ट घडली, जिचा उल्लेख या यादीत सहसा होत नाही. फ्रान्समधील नान्सीचे बिशप शार्ल द फोर्बे-जांसाँ यांनी ‘पवित्र बाल्य’ ही संस्था सुरू केली. फ्रेंच मुलांनी रोज एक छोटी प्रार्थना म्हणायची आणि महिन्याला एक सू बाजूला ठेवायचा, तो चीनमधील टाकून दिलेल्या बालकांसाठी. १९२२ मध्ये परमगुरूंनी ती आपल्या छत्राखाली घेतली. आपल्या धर्मग्रामांतील अनेक प्रौढांनी लहानपणी या संस्थेच्या डब्यात नाणी टाकली असतील. कागदी टोपी घालून टाळ्या वाजवणारे मूल आणि दूरच्या, न पाहिलेल्या भावंडासाठी एक नाणे राखून ठेवणारे मूल, ही दोन्ही एकाच वर्षाची अपत्ये आहेत.

यॉर्कच्या त्या घोडेस्वार मुलाचा खरा वारस मला ऑस्ट्रिया-जर्मनीत दिसतो. तीन राजांचा वेष करून, काठीवर तारा लावून गात घरोघर जाण्याची तेथील मुलांची चाल निदान सोळाव्या शतकापासूनची. पुढे ती भिकेचा धंदा झाली म्हणून अधिकाऱ्यांनी वेळोवेळी तिला मना केले. १९५४-५५ च्या हिवाळ्यात ऑस्ट्रियाच्या कॅथलिक बालसंघटनेने तिला नवे वळण दिले: जमलेल्या पैशातून युगांडातील मिशनकार्यासाठी मोटारसायकल घ्यायची! १९५९ पासून जर्मनीतही हे सुरू झाले. ६ जानेवारीच्या आसपास मुले बर्फातून हिंडतात, दारांवर खडूने आशीर्वादाची अक्षरे लिहितात आणि जगभरच्या मुलांसाठी निधी जमवतात. जर्मनीत आजवर जमलेली रक्कम एक अब्ज युरोहून अधिक आहे. आशीर्वाद देणारे मूल, जे हेन्रीच्या जाहीरनाम्याला खुपले होते, ते पुन्हा दारात उभे आहे.

डिसेंबरात आपल्याकडेही धर्मग्रामाच्या बैठका भरतात. मुलांच्या मेळाव्याचा विषय निघाला की पहिली चर्चा खाऊच्या पाकिटाची, दुसरी सांताच्या वेषाची, तिसरी ध्वनिक्षेपकाची. हा खर्च यॉर्कच्या मोहरी-मेणबत्त्यांइतकाच रास्त आहे आणि मेजवानीवाचून सण नाही, हेही मला मान्य आहे. मात्र बैठकीत एखादे मूल बसलेले मी क्वचितच पाहतो. गव्हाणीसाठी गवत आणणारी, तारे चिकटवणारी, रात्री कॅरल गात वाडीवाडीतून हिंडून गरिबांसाठी डबा फिरवणारी मुले तीच. पण कार्यक्रमाच्या दिवशी त्यांना खुर्च्यांवर बसवून आपण त्यांच्यापुढे भाषणे करतो. वाचन त्यांच्याकडे द्यावे, स्वागत त्यांनी करावे, आजारी वृद्धांच्या घरी खाऊ त्यांनी न्यावा, जमाखर्च त्यातल्या एखादीने लिहावा. चुका होतील. सॉल्झबरीच्या कॅनन मंडळींनीही त्या सोसल्या होत्या. आणि ‘शहाण्या मुलांनाच बक्षीस’ असे जाहीर करण्यापूर्वी स्टेनच्या चित्रातला तो रडणारा मुलगा आठवावा.

बालबिशपची चाल आज पूर्णपणे लोपलेली नाही. स्पेनमधील मॉन्सेरात मठाच्या गायनशाळेत संत निकोलसच्या सणाला छोटा बिशप असतो. बुर्गोस शहरात २८ डिसेंबरला तो पांढऱ्या घोड्यावरून निघतो आणि नगराध्यक्षांना भेटून मुलांच्या वतीने मागण्या करतो. इंग्लंडमध्ये हेरेफर्डच्या कॅथेड्रलने १९७३ मध्ये ती पुन्हा सुरू केली. मरियेच्या गीतातल्या त्याच चरणाला खरे बिशप आसनावरून उठतात आणि मूल तिथे बसते.

रोममध्ये तर दोन गोष्टी पाहण्याजोग्या आहेत. टेकडीवरील आराचेली मंदिरात बाळ येशूची एक लाकडी मूर्ती होती. एकोणिसाव्या शतकातील प्रवाशांनी लिहून ठेवले आहे की, नाताळच्या दिवसांत तिच्यासमोर उभ्या केलेल्या चौरंगावर चढून पाचसहा वर्षांची मुले-मुली हातवारे करीत प्रवचने म्हणत आणि रोमकर दाटीवाटीने ऐकत. ती मूर्ती १९९४ मध्ये चोरीला गेली. तिथे आता तिची प्रतिकृती आहे. दुसरी चाल नवी, १९६९ ची, परमगुरू सहावे पौल यांच्या काळातली. आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी रोमची मुले आपापल्या घरच्या गव्हाणीतील बाळ येशू घेऊन संत पेत्राच्या चौकात येतात. कुणाचा मातीचा, कुणाचा प्लास्टिकचा, कुणाच्या मूर्तीचा हात मोडलेला. परमगुरू खिडकीत येतात, हजारो चिमुकले हात मूर्ती उंच धरतात, आशीर्वाद होतो, आणि मग मुले ते बाळ लोकरीच्या टोपीत किंवा कोटाच्या खिशात घालून घरी नेतात, गव्हाणीत ठेवण्यासाठी.